मोटारसायकल सुरू होईना? बॅटरी बदलण्यापूर्वी तीन मापे घ्या



गळीत हंगाम असो वा नसो, आपल्या दारातली मोटारसायकल रोज जुंपलेलीच असते. पहाटे डेअरीला दूध, मग मळा, मग गट ऑफिस, दुपारी सोसायटी आणि रात्री मोटार चालू करायला पुन्हा मळा. अशी ही गाडी एखाद्या सकाळी बटन दाबल्यावर नुसती ‘कट-कट’ करते आणि गप्प बसते. मग आपण काय करतो? चार जण जमतात, चार सल्ले मिळतात आणि बहुतेक वेळा शेवट एकच होतो. नवी बॅटरी येते. कधी तिने काम भागते, कधी महिन्याभरात पुन्हा तीच ‘कट-कट’ सुरू होते. असे का होते आणि दोष पायरीपायरीने कसा शोधावा, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. त्याला निमित्त झाले ते आमच्याच फजितीचे.

अकलोलीची सकाळ

गेल्या आषाढात आम्ही काही मंडळी दोन गाड्यांवरून कसारा घाट उतरून वज्रेश्वरीला देवदर्शनास गेलो होतो. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधविलेले हे देवस्थान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जवळच तानसा नदीच्या काठी भिवंडी तालुक्यातले अकलोली हे गाव आहे. तेथे गरम पाण्याची कुंडे आहेत. मुक्काम तेथेच केला. आपल्याकडे ऊस तसा तिकडे भात. रात्रभर कोकणातला पाऊस कोसळत होता. पहाटे कुंडावर स्नान केले, अंग हलके झाले आणि निघायच्या वेळी आमच्यातील एका सभासदाची गाडी सुरू होईना. गाडी तीन वर्षांची, किक नसलेली, निव्वळ बटनाची.

लगेच सल्लागार जमले. एक म्हणाला, “प्लगात पाणी गेलं.” दुसरा म्हणाला, “सेल्फची मोटर गेली, खोलावी लागेल.” एक वयस्कर काका म्हणाले, “अहो दादा, या कुंडाच्या वाफेनं वायरी सडतात.” आणि आम्ही स्वतः ठामपणे म्हणालो, “बॅटरीच बसली.” आमचे म्हणणे पडले. जवळच्या बाजाराच्या गावातून बॅटरी आणवली, बसवली, गाडी एका बटनात सुरू झाली. आम्ही मनातून जिंकलो होतो.

साडेतीन आठवड्यांनी त्याच सभासदाची कालव्याची पाळी रात्री दोनला होती. पावसाने ओढ दिली होती, आडसाली लागण नुकतीच झालेली. गाडीने पुन्हा ‘कट-कट’ केले. गडी तीन किलोमीटर पायी गेला, पोचेपर्यंत पाण्याची निम्मी पाळी सरून गेली होती. बॅटरीचे पैसे गेले ते वेगळेच. दुकानदाराचा त्यात दोष नव्हता. आम्ही बॅटरी मागितली, त्याने दिली. दोष आमचा, कारण आम्ही काही न मोजता निकाल दिला होता.

आधी डोळे व कान

मीटर हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही? हे दोन निराळे आजार आहेत. पहिला विजेचा असतो. दुसऱ्यात बहुधा पेट्रोल, ठिणगी किंवा हवा यांपैकी काहीतरी कमी पडलेले असते. या दोहोंची गल्लत झाली की प्लग बदलला जातो आणि दोष असतो वायरीत.

इंजिन फिरतच नसेल तर प्रथम फुकटात होणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. हँडलवरचे लाल बटन (किल स्विच) बंद स्थितीत राहिलेले नाही ना? गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? साइड स्टँड वर केला आहे ना, क्लच पूर्ण दाबला आहे ना? पुष्कळ गाड्यांत यांपैकी एक गोष्ट राहिली तरी सेल्फ लागत नाही. मग फ्यूज पाहावा. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नये, कारण मग पुढच्या वेळी फ्यूज जळत नाही, वायरिंग जळते.

आता किल्ली लावून बटन दाबावे आणि कान द्यावा. काहीच आवाज नाही आणि मीटरवरचे दिवेही नाहीत, तर फ्यूज, टर्मिनल किंवा बॅटरी पूर्ण रिकामी. दिवे चांगले पण आवाज नाही, तर स्विच किंवा रिलेकडे जाणारी वायर. एकच ठसठशीत ‘कट’ आणि पुढे काही नाही, तर रिले, जाड वायर किंवा सेल्फची मोटर यांचा संशय घ्यावा. भराभर ‘कट-कट-कट’ आणि दिवे मंद, तर बॅटरीतून पुरेसा दाब मिळत नाही. तो का मिळत नाही, हे मात्र कानाने कळत नाही. तेथे मोजावेच लागते.

बॅटरी म्हणजे विहीर

आपल्याला विहीर कळते, म्हणून तिचाच दाखला घेऊ. विहिरीचा अंदाज आपण तीन वेळा पाहून बांधतो. सकाळी न उपसता पातळी किती, पंप चालू असताना पातळी किती खाली जाते, आणि झरे पाणी किती भरून काढतात. नुसत्या सकाळच्या पातळीवर कोणी नवी लागण धरत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. सेल्फची मोटर हा पंप, आणि इंजिन चालू असताना मॅग्नेटच्या कॉइलमधून रेग्युलेटरमार्फत येणारी वीज हे झरे. झरे आटले असताना विहिरीत टँकर ओतला तर चार दिवस भिजणे होईल, पुढे काय? अकलोलीला आम्ही टँकरच ओतला होता.

यासाठी लागतो तो साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि पाच-सात जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो. तो डी. सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या अधिक (+) खुंटीला आणि काळे उणे (–) खुंटीला लावावे. टोक टर्मिनलच्या बोल्टला न लावता शिशाच्या खुंटीलाच लावावे.

पहिले माप : सकाळची पातळी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न लावता मोजावे. नुकतीच चालवलेली गाडी मोजली तर आकडा फुगलेला दिसतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे (सेल) असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. सीलबंद बॅटरी थोडे अधिकही दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या आसपास रिकामीच समजावी. येथे बारा म्हणजे भरलेली असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. ११.८ आणि १२.७ यांत आकड्याने एका व्होल्टचाही फरक नाही, पण रिकामी आणि भरलेली यांत जेवढे अंतर असते तेवढे सगळे त्यात येते.

आकडा कमी आला म्हणून बॅटरी मेली असे नव्हे. ती उपाशी असू शकते. ती चार्ज करावी आणि मगच पुढची मापे घ्यावीत. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या एक-दशांश असावा. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीस ०.४ अँपिअर, दहा-बारा तास. घाईने मोठ्या चार्जरवर लावल्यास प्लेटी खराब होतात. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावरही आकडा १२.४ च्या खाली उतरत असेल, तर मात्र बॅटरी थकली असे धरण्यास हरकत नाही.

दुसरे माप : उपसा चालू असताना

मीटर तसाच लावून ठेवावा आणि दुसऱ्याने बटन दाबावे. इंजिन फिरत असताना आकडा किती खाली जातो ते पाहावे. चांगली बॅटरी सहसा १० व्होल्टच्या वर राहते. ९.५ च्या खाली गेली तर एकतर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फची मोटर अडकून फार वीज ओढते आहे. चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावूनही आकडा तसाच कोसळला तर मोटर तपासावी, न कोसळला तर पहिली बॅटरी बाद. काही जुन्या बॅटऱ्या उभ्या गाडीत १२.६ दाखवतात आणि बटन दाबताच सहा-सातवर येतात. विहीर काठोकाठ दिसते, पण खाली गाळ साचलेला, असा तो प्रकार.

याच्या उलट, बटन दाबले, मोटर फिरली नाही आणि आकडाही १२.५ वरून हलला नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. पातळी हलली नाही म्हणजे उपसाच झाला नाही. वीज वाटेत कुठेतरी अडली आहे. बॅटरीच्या अधिक खुंटीपासून सेल्फच्या मोटरच्या टर्मिनलपर्यंत मीटरची दोन टोके लावून बटन दाबावे. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर रिले किंवा जाड वायरीत गळती आहे. उणे खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांत पाव व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थिंग सैल किंवा गंजलेले आहे. पाइपाच्या सांध्यात पाणी गळावे तसे हे. पांढरा-हिरवा फुलोरा आलेले टर्मिनल साफ करून घट्ट आवळले एवढ्यावरच कितीतरी गाड्या सुधारतात.

तिसरे माप : झरे

इंजिन चालू करावे, हेडलाइट चालू ठेवावा आणि मध्यम ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा बॅटरीवर मोजावे. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा असला तर चार्जिंग ठीक. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर झरे कमी पडत आहेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास बॅटरी उकळते व बल्ब उडतात. हे माप भरलेल्या बॅटरीवरच घ्यावे, कारण रिकामी बॅटरी चार्ज होईपर्यंत आकडा खालीच धरून ठेवते.

हे माप पूर्वीपेक्षा आज अधिक महत्त्वाचे झाले आहे. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर अँमीटरचा काटा असे आणि चार्जिंग चालू की बंद ते चालवणाऱ्यास समोर दिसे. बॅटरी बसली तरी किक होती. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप चालू राहतो. ३५ वॅटचा बल्ब म्हणजे सुमारे तीन अँपिअर सतत गेले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्यांत पेट्रोलचा पंप व इंजेक्शन विजेवर चालते आणि बऱ्याच गाड्यांची किकही गेली. म्हणजे खर्च वाढला आणि आधाराची काठी काढून घेतली. अशी गाडी अगदी रिकाम्या बॅटरीवर ढकलूनही सुरू होईलच असे नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही.

मग त्या गाडीत काय निघाले?

आमच्या सभासदाची गाडी कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातील एका जाणत्या वायरमनने पाहिली. बॅटरी आधी चार्ज करून घेतली. सकाळचे माप १२.७, म्हणजे उत्तम. बटन दाबताना १०.४, म्हणजे बॅटरी व मोटर दोन्ही निर्दोष. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दिला तर १२.९ च्या वर आकडा जाईना. पाच मिनिटांत दोष तिसऱ्या मापात सापडला.

पुढची पायरी म्हणून त्यांनी मॅग्नेटच्या कॉइलकडून रेग्युलेटरकडे येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर उघडला. तीनपैकी एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी झाले होते. कॉइल चांगली की वाईट हे कळण्यासाठी इंजिन चालू ठेवून, मीटर ए. सी. वर लावून वायरींच्या तिन्ही जोड्या मोजल्या. तिन्हींत आकडा सारखा आला, म्हणजे कॉइल ठीक. (एका जोडीत फार कमी आला असता, किंवा इंजिन बंद असताना एखादी वायर इंजिनच्या धातूशी जोडलेली दिसली असती, तर कॉइल बाद. ही वीज झटका देण्याइतकी असते, ओल्या हाताने हे काम करू नये. काही लहान गाड्यांत वायरींची रचना निराळी असते.) जळकी पिन कापून नवा कपलर बसवला. आकडा झाला १४.१. खर्च झाला तो एका कपलरचा.

उलगडा असा झाला. सैल पिनेमुळे तीनपैकी एक झरा आटला होता. घाटात, पावसात, सावकाश चाललेल्या गाडीचा हेडलाइट व पंप जेवढे खात होते तेवढे परत मिळत नव्हते. म्हणून अकलोलीला बॅटरी रिकामी झाली. कुंडाची वाफ एका रात्रीत वायर खात नाही, प्लगही कोरडाच होता. नवी बॅटरी भरलेली आली, तिने साडेतीन आठवडे आपल्या साठ्यातून तूट भागवली आणि तीही बसली. जुनी बॅटरी आम्ही मोडीत दिली होती. ती बहुधा चांगली असावी, याची रुखरुख अजून वाटते.

तिन्ही मापे बरोबर, तरी बॅटरी उतरते?

अशा वेळी दोन कारणे पाहावीत. पहिले म्हणजे थोडक्या फेऱ्या. सेल्फ साठ अँपिअर घेऊन तीन सेकंद फिरला असे धरा. ही वीज भरून यायला एक अँपिअरच्या चार्जिंगने निदान तीन मिनिटे लागतात. घर ते गोठा, गोठा ते दुकान अशा एक-एक मिनिटाच्या दहा फेऱ्या केल्या तर जमेपेक्षा खर्च जास्त होणार. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची सलग चाल द्यावी.

दुसरे कारण गळतीचे. किल्ली बंद असतानाही अलार्म, जीपीएस किंवा जादा बसवलेले दिवे वीज खातात. मीटर मिलिअँपिअरवर ठेवून, उणे खुंटीवरची वायर काढून, खुंटी व वायर यांच्या मध्ये मीटर लावावा. एक-दोन मिलिअँपिअर चालतात. वीस मिलिअँपिअर गळत असतील तर ४ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी दोनशे तासांत, म्हणजे सव्वाआठ दिवसांत रिकामी होते. मीटर असा मध्ये लावलेला असताना किल्ली फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये. मीटर जळेल.

इंजिन फिरते पण पेट घेत नसेल तर

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली लावताच पेट्रोलपंपाची क्षणभर ‘सूं’ ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर पंपाचा फ्यूज, वायर व बॅटरीचा दाब पाहावा. बॅटरी अर्धवट असली की इंजिन कसेबसे फिरते पण ठिणगी व पंप यांना वीज उरत नाही, म्हणून येथेही आधी दुसरे माप घ्यावे. ते बरोबर असेल तर टाकीत पेट्रोल, प्लग, प्लगची टोपी आणि एअर फिल्टर या क्रमाने जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होते, पण दोष कशात होता ते कळत नाही.

जपायच्या गोष्टी

बॅटरी काढताना उणे टर्मिनल आधी, बसवताना ते शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, जवळ बिडी-काडी नको. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धूत धूतच दवाखाना गाठावा. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे वा बोअरचे नव्हे. साफ केलेल्या टर्मिनलला थोडे व्हॅसलीन लावावे.

अडीअडचणीत ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून गाडी सुरू करता येते, मात्र ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवावे. अधिकला अधिक जोडून, दुसरी वायर मोटारसायकलच्या इंजिनच्या धातूला लावावी. आणि जुन्या मिस्त्रींची एक खोड सोडावी. चार्जिंग आहे का पाहण्यासाठी चालू गाडीचे टर्मिनल काढून पाहण्याची ती पद्धत. आजच्या गाडीचा कंट्रोलर त्या एका झटक्यात जाऊ शकतो.

शेवटी एकच विनंती. नवी बॅटरी बसवली त्या दिवशी तारीख आणि तीन आकडे, म्हणजे उभी गाडी, बटन दाबताना व इंजिन चालू असताना, गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवावेत. पुढे कधी गाडी अडली तर ते आकडे ताडून पाहावेत. जो आकडा बदलला असेल, तेथेच हात घालावा. मिस्त्रीकडे जातानाही “बॅटरी टाका” असे न म्हणता “चार्जिंग १२.९ दाखवते, जरा पाहा” असे सांगावे. मिस्त्रीचा वेळ वाचेल, आपले पैसे वाचतील, आणि रात्री दोनच्या पाळीला पायी जाण्याची वेळ येणार नाही.